बाटली तपकिरी झाली म्हणजे जिवाणू मेले काय?



यंदाच्या आडसाली लागणीच्या वेळी आमच्या गट ऑफिसात तीन दिवसांत अकरा बाटल्या परत आल्या. सगळ्या अ‍ॅझोटोबॅक्टरच्या, द्रवरूप जिवाणू खताच्या. प्रत्येकाची तक्रार एकच : "साहेब, नेताना दुधट पाणी होतं, आता कोऱ्या चहासारखं झालंय. माल नासलाय. ऊसबिलातली वजावट रद्द करा." एका सभासदाने तर हा प्रश्न वार्षिक सभेत विचारीन असे बजावले. विचारावा. सभेत उत्तर देण्यापेक्षा इथे सविस्तर देता येईल म्हणून हा लेख.

तक्रार करणाऱ्यांवर आम्ही रागावलो नाही. कारण दोन वर्षांपूर्वी असाच निकाल आम्ही स्वतः दिला होता आणि तो चुकीचा होता. तो किस्सा आधी सांगितलाच पाहिजे.

आमच्या गटात एक वयस्क सभासद आहेत. सगळे त्यांना आबा म्हणतात. अडीच एकर ऊस, त्यातला एक एकर खोडवा. सुरू लागणीच्या आधी ते चार बाटल्या पिशवीत घालून सात किलोमीटर सायकल मारत ऑफिसात आले. आम्ही नोंदींच्या गडबडीत होतो. एक बाटली उजेडात धरली, रंग पाहिला, झाकण उघडून वाससुद्धा घेतला नाही आणि म्हणालो, "आबा, गेलंय हे. ओता." आबांनी ऑफिसमागच्या गटारीत चारही बाटल्या ओतल्या, डिझेलला होतील म्हणून रिकाम्या बाटल्या पिशवीत परत ठेवल्या आणि गेले. लागण जिवाणूंशिवाय झाली. वजावट मात्र बिलात व्हायची ती झालीच.

त्यानंतर दीडेक महिन्याने मातीचे नमुने घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी एका प्रयोगशाळेत जाण्याचा योग आला. तिथल्या मॅडम काचेच्या बशा तपासत होत्या. एका बशीवर पांढुरके, बुळबुळीत, भाताच्या पेजेचे थेंब सांडावेत तसे ठिपके. दुसरीवर त्याच आकाराचे ठिपके, पण तपकिरी, काही तर चक्क काळे. आम्ही सहज म्हणालो, ही बशी खराब झाली वाटतं. त्या हसल्या. "अहो साहेब, दोन्ही एकाच कुपीतल्या. ही चौथ्या दिवसाची आणि ही बाराव्या दिवसाची. अ‍ॅझोटोबॅक्टर क्रोकॉकम असाच असतो. वय झालं की रंग धरतो. रंग धरला नसता तर मलाच शंका आली असती."

आमच्या डोळ्यांपुढे ऑफिसमागची गटार आली.

आम्ही कृषी पदविकेचे. सूक्ष्मजीवशास्त्र एका पेपरापुरते शिकलो, आणि त्यातही नत्र स्थिर करणारे जिवाणू कोणते एवढे पाठ केले की गुण मिळत. ते जिवाणू कोणत्या रंगाचे, तो रंग कशासाठी, हे कुणी विचारले नाही आणि आम्हीही विचारले नाही. तेव्हा परत आल्यावर जे वाचले, विचारले, समजून घेतले ते सभासदांच्या कानावर घालतो.

हा जिवाणू १९०१ साली हॉलंडमधील डेल्फ्टच्या बायेरिंक या शास्त्रज्ञाने वेगळा काढला. त्याचे नाव ठेवतानाच रंग त्यात आला. क्रोकॉकम म्हणजे रंगीत गोल दाणा. म्हणजे शंभराहून अधिक वर्षे ज्याच्या नावातच रंग आहे, त्याला आम्ही रंगावरून नासका ठरवला!

आता रंग कशाचा? मेलॅनिनचा. आपल्या केसांत आणि कातडीत जो काळा रंग असतो त्याच कुळातला. तो तयार होण्याची तऱ्हा मात्र गुऱ्हाळावर रोज दिसते. रस काढून काहिलीत न घालता तासभर तसाच ठेवला तर काळवंडतो. वांगे चिरून ठेवले तर लाल-तपकिरी पडते. त्यात तांबे असलेले एक विकर म्हणजे एन्झाइम असते, ते हवेतला प्राणवायू घेऊन रसातल्या काही द्रव्यांना काळे करते. अ‍ॅझोटोबॅक्टरमध्येही त्याच जातीचे विकर आहे. फरक इतकाच की वांग्याला सुरी लागल्यावर ते घडते, आणि हा जिवाणू ते स्वतःच्या कामासाठी घडवून आणतो.

काम कोणते, तर प्राणवायूपासून बचाव. ही गोष्ट जरा थांबून समजून घेण्यासारखी आहे. हवेतला नत्र पिकाला मिळेल अशा रूपात आणणारे जे विकर आहे त्याला प्राणवायू मुळीच खपत नाही. प्राणवायू लागला की ते निकामी होते. आणि अ‍ॅझोटोबॅक्टरला तर जगायला प्राणवायू हवाच. म्हणजे भट्टी पेटती ठेवायची आणि शेजारी ठेवलेले लोणी वितळू द्यायचे नाही, असा त्याचा संसार. त्यासाठी तो साखर भराभर जाळून आत येणारा प्राणवायू दारातच संपवतो. म्हणून तर याला सेंद्रिय पदार्थ लागतो. पाचट जाळलेल्या रानात याने काय खावे?

त्याशिवाय रंग. १९८९ साली कॅनडातील दोन संशोधकांनी अ‍ॅझोटोबॅक्टर क्रोकॉकमच्या एका वाणावर केलेले काम प्रसिद्ध झाले. नत्र स्थिर करण्याच्या कामाला जुंपलेल्या जिवाणूंना हवा जोरात दिली, तेव्हा ते काळा रंग धरू लागले. तांबे मिळाले तर रंग आणखी वाढला. त्यांनी निष्कर्ष असा मांडला की जास्तीच्या हवेशी जुळवून घेण्याचा हा उपाय असावा. म्हणजे रंग हा कामावर असल्याचा डाग आहे. इंजिन खोलणाऱ्या फिटरचे हात काळे असतात तसा.

बाटलीतही तेच घडते. खाद्य संपत येते, दिवस जातात, जिवाणू जाड कवच चढवून विसाव्याला बसतात आणि त्याच सुमारास पाणी तपकिरी होते. कवच चढवलेला हा जिवाणू कोरडेपणा जास्त सोसतो. ओल आणि खाद्य मिळाले की पुन्हा उठतो. आपल्याकडे जोंधळा पेवात ठेवायचे, तशातलाच प्रकार.

इथे एक इशारा दिलाच पाहिजे, नाहीतर आमची एक चूक सुधारताना आम्ही दुसरी पेरून बसू. तपकिरी म्हणजे जिवंत, असेही नाही. वर सांगितलेली हकिकत आम्ही गेल्या वर्षी एका शिवारफेरीत सांगितली. ती ऐकून एका तरुण सभासदाने बाटल्या मोटारीच्या खोलीत पत्र्याखाली महिनाभर ठेवल्या. एप्रिल महिना. वर म्हणतो, "साहेब, मस्त काळं झालंय, पिकलंय." तपासणीला पाठवले तर जिवंत जिवाणू जवळपास नाहीतच. मेलेल्या जिवाणूंचा रंग काही पांढरा होत नाही. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे द्रवरूप जिवाणू खतात दर मिलिलिटरला किमान १० कोटी आणि भुकटीवरच्या खतात दर ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत जिवाणू असावे लागतात. हा आकडा डोळ्यांना दिसत नाही आणि रंगावरून तर नाहीच. म्हणून बाटलीवरची अंतिम तारीख पाहावी, झाकण उघडून वास घ्यावा, बाटली फुगली आहे का पाहावे. कुजका, नाक मुरडायला लावणारा वास आला किंवा बाटली फुगली असली तर ती परत आणावी, ओतून टाकू नये. नुसता रंग बदलला असेल तर घाबरू नये. शंका असली तर गट ऑफिसात आणून द्यावी, आम्ही नमुना पाठवू.

आता रंगाच्या या खटाटोपात आम्हांला जे सर्वांत नवलाचे वाटले ते दुसऱ्याच जिवाणूचे आहे. अ‍ॅझोस्पिरिलम तुमच्या परिचयाचा आहे, गवतवर्गीय पिकांच्या मुळांशी राहतो; ऊसही गवतच. याचे काही वाण गुलाबी-नारिंगी रंग धरतात. हा रंग कॅरोटिनॉइड जातीचा, म्हणजे गाजर-टोमॅटोच्या रंगाचा भाऊबंद. १९८१ सालीच इस्राएलमधील संशोधकांनी दाखवले होते की हा रंग नत्राच्या विकराला प्राणवायूपासून राखतो. पण रंग केव्हा करायचा आणि केव्हा नाही, हे त्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाला कोण सांगते?

याचे उत्तर शोधण्यात आपल्या देशातले लोक पुढे आहेत. बनारस हिंदू विद्यापीठातील अनिल कुमार त्रिपाठी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली ते प्रसिद्ध केले. आम्हांला समजले तसे सांगतो. पाटाच्या पाण्याचे उदाहरण घ्या. चारीला पाणी सोडणारा एक माणूस आहे, त्याच्या हातात गेटची किल्ली आहे. पण त्याचा हात धरून दुसरा एक माणूस बसला आहे. तो हात सोडत नाही तोवर गेट उघडत नाही. जिवाणूच्या आतही अशीच दोन प्रथिने आहेत. एक रंगाच्या जनुकांचे गेट उघडणारे, दुसरे त्याचा हात धरून ठेवणारे. ऊन आणि हवा एकत्र आली की जिवाणूच्या पोटात एक प्रकारचा चिडलेला प्राणवायू तयार होतो. साधा प्राणवायू नव्हे, उजेडाची ताकद अंगात घेतलेला. तो पेशीचे आवरण, प्रथिने, जे सापडेल ते जाळत सुटतो. तसा धोका आला की हात धरणारा हात सोडतो, किल्ली फिरते आणि रंग तयार होऊ लागतो. तो रंग त्या चिडलेल्या प्राणवायूची ताकद स्वतःवर झेलून त्याला शांत करतो.

हे नुसते तर्काने सांगितले नाही. त्यांच्याकडे एक बिघडलेला वाण होता. मूळ वाण फिकट आणि हा मात्र गडद रंगाचा. तपासले तर हात धरणाऱ्या प्रथिनाचे जनुकच मोडलेले निघाले. गेट कायमचे उघडे! असा वाण उजेडाचा मारा मूळ वाणापेक्षा जास्त सोसतो. मग कुणी म्हणेल, गेट कायम उघडेच का ठेवू नये? आमच्या एका शेतकी मदतनीसाने हाच प्रश्न विचारला. त्याला म्हटले, तुझ्या शेतात पाट बारा महिने सोडला तर काय होईल? रंग करायलाही खाद्य खर्ची पडते. जमिनीत, मुळाच्या सावलीत, जिथे उजेड नाही तिथे तो खर्च फुकटचा.

सगळेच रंग उन्हासाठी नसतात. आपल्या भागातल्या चुनखडीच्या रानांत ऊस केवडा पडतो. पाने पिवळी-पांढरी, शिरा तेवढ्या हिरव्या. लोह जमिनीत असते, पण चुन्यामुळे पिकाला मिळत नाही. अशा टंचाईत मुळांजवळचा सुडोमोनास जिवाणू पिवळट हिरवा, अतिनील दिव्याखाली काजव्यासारखा चमकणारा रंग बाहेर सोडतो. हा रंग म्हणजे लोह पकडण्याचा आकडा. तो लोह धरून आणतो आणि जिवाणू ते परत आत घेतो. १९८० साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी दाखवले की अशा रीतीने मुळाजवळचे लोह पळवल्यामुळे रोगकारक बुरशी उपाशी राहते आणि पिकाला फायदा होतो. गंमत अशी की जिवाणूला लोह भरपूर मिळाले की पोटातले एक प्रथिन ते लोह धरून थेट जनुकावर जाऊन बसते आणि रंगाचे काम बंद. टंचाई संपली, रोजगार हमी बंद.

याच सुडोमोनासच्या कुळात गव्हाच्या मुळावरचा एक जिवाणू आहे, तो नारिंगी रंग करतो. तो रंग बुरशीला विष आहे. त्याची तऱ्हा आपल्या वार्षिक सभेसारखी. प्रत्येक जिवाणू थोडे थोडे संदेशद्रव्य बाहेर सोडत असतो. एकटा-दुकटा असला तर ते वाहून जाते आणि काहीच होत नाही. मुळावर गर्दी झाली, संदेशद्रव्य दाटले, म्हणजे गणसंख्या भरली की मगच ठराव मंजूर आणि सगळे मिळून रंग करू लागतात. चार जणांनी विष सोडून बुरशी हटत नाही हे त्यांना ठाऊक असल्यासारखे वागतात. गणसंख्येअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच जागी भरवण्याची सोय मात्र त्यांच्यात नाही.

आणि रंग म्हणजे नेहमी आपला मित्र, असेही कुणी धरून चालू नये. डाळिंबवाल्या सभासदांना तेल्याने किती छळले आहे हे सांगायला नको. तेल्याचा जिवाणू झँथोमोनास, प्रयोगशाळेतल्या बशीवर पिवळाधमक. त्याच्याच जातभाईने, कोबीच्या घाण्या रोगाच्या जिवाणूने, हे दाखवून दिले आहे की तो पिवळा रंग काढून घेतला तर पानावरच्या उन्हात त्याचा टिकाव लागत नाही. शत्रूलाही छत्री लागते. उसाच्या डिंक्या रोगाचा जिवाणूही याच घराण्यातला. उसाच्या कापातून जो पिवळा डिंक पाझरतो तो जिवाणूंमुळे, हे कॉब यांनी ऑस्ट्रेलियात १८९३ सालीच लिहून ठेवले.

ॲसेटोबॅक्टरबद्दल काही जण विचारतील, कारण उसाचा म्हणून खास तोच. १९८८ साली ब्राझीलमध्ये कावालकांते आणि जोहाना डोबेराइनर यांनी तो उसाच्या आतून शोधून काढला. मुळातच नव्हे, कांडीतही राहतो आणि साखरेत सुखाने नांदतो. प्रयोगशाळेत एका खाद्यावर त्याचे ठिपके नारिंगी-पिवळे दिसतात, पण तो रंग त्याचा नव्हे. त्या खाद्यात जे रंगद्रव्य घातलेले असते ते तो अंगात ओढून घेतो. बटाट्याच्या खाद्यावर मात्र तपकिरी होतो. मॅडम म्हणाल्या, "रंग पाहण्याआधी बशीत काय ओतलंय ते विचारा." हे वाक्य आम्ही डायरीत लिहून ठेवले आहे.

आता वापराचे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे हेक्टरी बेण्यासाठी १० किलो ॲसेटोबॅक्टर आणि सव्वा किलो स्फुरद विरघळविणारे जिवाणू १०० लिटर पाण्यात कालवून टिपरी ३० मिनिटे बुडवावीत. बुरशीनाशकाची बेणेप्रक्रिया करायची असेल तर ती आधी, वेगळ्या पिंपात. तेच पिंप न धुता जिवाणूंना वापरणारे दोन सभासद आम्ही याच हंगामात पाहिले. मग बाटलीला नावे ठेवून काय उपयोग? जिवाणू आणि रासायनिक खत एका बादलीत कालवू नये. केवड्यासाठी हिराकस द्यायचे तर ते स्वतंत्र द्यावे. बुडवलेले बेणे उन्हात पसरून ठेवू नये, सरीत टाकून लगेच मातीआड करावे. जिवाणूला रंगाची छत्री आहे हे खरे, पण ती थोडा वेळ चालणारी छत्री आहे, आणि मे महिन्यातल्या तापलेल्या पत्र्याखालची उष्णता ती मुळीच अडवीत नाही. बाटल्या घरात, माठाशेजारी, अंधाऱ्या थंड जागी ठेवाव्यात. फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात नकोत.

परत आलेल्या अकरा बाटल्यांपैकी नऊ मुदतीत होत्या, वास ठीक होता. त्या सभासदांनी परत नेल्या. दोन फुगलेल्या होत्या. त्यांचे नमुने पाठवले आहेत आणि त्या दोघांना बदली बाटल्या दिल्या आहेत. अहवाल आला की गट ऑफिसच्या फलकावर लावू, चांगला असो वा वाईट.

आबांचे राहिले. प्रयोगशाळेतून परतल्यावर दुसऱ्याच दिवशी आम्ही त्यांच्या वस्तीवर गेलो आणि झालेली चूक सांगितली. चार बाटल्यांचे पैसे खिशातून काढले तर त्यांनी हात मागे घेतला. म्हणाले, "पैसे र्‍हाऊ द्या. तुमी सांगायला आलासा, लई झालं. पर पुन्यांदा वास घ्या मालाचा." त्यांचा ऊस त्या वर्षी बरा आला. जिवाणू लावले असते तर आणखी बरा आला असता की नाही, हे सांगण्याचा मार्ग आम्हीच गटारीत ओतून बसलो होतो. पुढच्या लागणीला त्यांच्या बेण्याच्या पिंपाजवळ आम्ही स्वतः उभे राहिलो. बाटली तपकिरीच होती. आबांनी झाकण काढले, आधी स्वतः हुंगली, मग आमच्या नाकाशी धरली.

तेव्हा कांड्या बुडवता बुडवता त्यांनी एक प्रश्न विचारला. "सायेब, मग लाल कुजीत ऊस फोडला की आत लाल दिसतो, तो रंग बुरशीचा का उसाचा?" प्रश्न चोख आहे. तो लाल रंग पुष्कळसा उसाचाच. बुरशी शिरल्यावर तिला अडवायला ऊस स्वतः तांबडी द्रव्ये तयार करतो. पण जो वाण ती लवकर आणि पुरेशी करतो तो वाचतो, आणि जो उशिरा करतो तो आतून लाल होऊनही जातो. बेणे निवडताना याचा काय उपयोग होतो, ते पुढील अंकी.

ऊस विकास अधिकारी,
शेतकी विभाग